वाचनालयाची यादी कुणाच्या भरवशावर ठेवायची?

निपाणी भागातल्या एका भगिनीचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

त्या चौतीस वर्षांच्या आहेत. बेळगावात संगणकाचं शिक्षण झालं. लग्नानंतर गावात राहूनच पतसंस्था, मंगल कार्यालयं, दुकानदार यांना वेबसाइट करून देतात. गावच्या मराठी वाचनालयात नऊ हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत आणि त्यांची यादी तीन जाड रजिस्टरांत आहे. पहिल्या रजिस्टरातल्या बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. ही यादी ऑनलाइन आणायचं काम कमिटीनं त्यांच्यावर सोपवलंय, अर्थात बिनपैशांचं. त्यांना ते साध्या एचटीएमएलमध्ये (वेबपानं लिहायच्या भाषेत), खुल्या मानकांवर (ओपन स्टँडर्ड, म्हणजे कुणालाही वापरता येतील असे जाहीर नियम), वाचनालयाच्या स्वतःच्या पत्त्यावर करायचंय. कमिटीतली तरुण मंडळी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? एका मोठ्या कंपनीच्या फुकट सेवेवर पान काढा, यादी तिथंच भरा, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. बेंगळुरूला मोठ्या कंपनीत असलेला भाचा म्हणतो, "मावशी, ओपन स्टँडर्ड आमच्याच कंपन्या लिहितात, मग भांडण कुणाशी?" उलट ज्यांच्याकडे त्या शिकल्या ते सर म्हणतात, कंपन्यांना स्टँडर्डचा आलेला पुळका हे निव्वळ ढोंग आहे, त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. त्या विचारतात: "मोठ्या कंपन्यांचा खुल्या मानकांना खरंच पाठिंबा आहे का? असेल तर मी उगाच हट्ट करतेय. नसेल तर कमिटीशी वाईटपणा घ्यायला मी तयार आहे."

ताई,

तुमचा हट्ट चुकीचा नाही. पण वाईटपणा घ्यायच्या आधी तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपाशी थोडं थांबू या. पाठिंबा खरा निघाला तर यादी कंपनीच्या हवाली करायची आणि खोटा निघाला तर कमिटीशी भांडायचं, असं तुम्ही धरून चाललाय. यादी कुठं ठेवायची हे ठरवायला मला हा निकाल लागतच नाही. शिवाय 'खरंच' हा शब्द माणसाला लावायचा आहे. कंपनीत हजारो माणसं असतात. त्यातला एक जण स्टँडर्डच्या एका परिच्छेदासाठी दोन-दोन वर्षं प्रामाणिकपणे खपतो. त्याच कंपनीतला दुसरा, गिऱ्हाईक आपल्या कुंपणाबाहेर जाऊ नये याची तजवीज करत बसलेला असतो. दोघंही आपापलं काम चोख करतात. मग यातलं कंपनीचं मन कुठलं धरायचं?

मला हा प्रश्न जवळचा आहे, त्याचं कारण सांगतो. मी वीसेक वर्षं बेळगावात डीटीपी केलं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, दिवाळी अंक. तेव्हा छापखान्यागणिक फाँट निराळा, आणि फाँट म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे आकडे अन् वरून देवनागरी चेहरा. आम्ही ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, तिचा डोंगल, म्हणजे किल्लीसारखा एक छोटा ठोकळा, संगणकाच्या पाठीमागे खोचलेला असे. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. एका पावसाळ्यात तो बिघडला. नवा हवा तर नवी आवृत्ती घ्या, असं उत्तर आलं. घेतली, तर नव्या आवृत्तीत जुन्या फायली धड उघडेनात. शहापूरच्या एका लेखकाची कादंबरी आमच्याकडे तयार होऊन पडली होती, दोनशे चाळीस पानं. पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. शेवटी आम्ही तिघांनी प्रूफाच्या कागदांवरून सगळी पुन्हा टाइप केली. ते गृहस्थ रोज संध्याकाळी यायचे आणि काही न बोलता खुर्चीमागे उभे राहायचे. शब्द त्यांचे होते, पण ते ज्या डब्यात होते त्याची किल्ली भलत्याच्या खिशात होती. खुलं मानक म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या पंधरवड्यात कळलं.

त्या फाँटांच्या जाचातून आपली सुटका केली ती युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणाऱ्या मानकानं. आणि युनिकोड कुणी उभं केलं? झेरॉक्स आणि ॲपलमधल्या अभियंत्यांनी सुरुवात केली. मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांसारख्या कंपन्या येऊन १९९१ मध्ये त्याची रीतसर संस्था झाली. त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही होती आणि कन्नडही, दोन्हींची मांडणी भारताच्या इस्की या मानकावरून घेतलेली. या कंपन्यांना मराठीचं प्रेम होतं असं नाही. एकच माल पन्नास देशांत विकायचा तर प्रत्येक लिपीचा वेगळा संसार मांडणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांची सोय आणि आपली गरज एका रस्त्यावर आली. म्हणून तुम्ही मला मराठीत पत्र लिहिलंत आणि ते माझ्या फोनवर जसंच्या तसं उमटलं. तुमच्या सरांना हे जरूर सांगा. ज्यानं आपली भाषा संगणकावर टिकवली ते काम ढोंग म्हणून उडवून लावता येणार नाही.

पण सोय संपली की रस्ताही फुटतो. हे एकाच कंपनीच्या तीन काळांत फार स्वच्छ दिसतं. १९९६ मध्ये ब्राउझरच्या बाजारात नेटस्केप पुढे होतं, मायक्रोसॉफ्ट मागे. तेव्हा सीएसएस या, पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या नव्या खुल्या मानकाला हात घालणारा पहिला मोठा व्यावसायिक ब्राउझर कुठला? मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ३. पुढं नेटस्केप संपलं, बाजार हातात आला, २००१ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला २००६ उजाडलं. मधली पाच वर्षं वेब जणू गोठलं. "ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा" अशा पाट्या आठवतात ना? त्याच काळात विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकोनात टिचकी मारून सीडी घालावी लागायची. मी खडेबाजारातल्या कितीतरी दुकानांत ती सीडी घेऊन फिरलोय. मग क्रोम पुढे गेला, मायक्रोसॉफ्ट पुन्हा मागे पडली, आणि २०२० मध्ये तिनं आपलं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, सोडून क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर बांधलेला एज आणला. आज तीच कंपनी मानकांच्या बैठकांत उत्साहानं बसते.

कंपनी तीच, कधीकधी माणसंही तीच. फक्त बाजारातली जागा बदलली. मार्केट यार्डात नवा आलेला अडत्या वजनमापं तपासून घ्या म्हणून आग्रह धरतो. सगळा माल त्याच्याच काट्यावर उतरू लागला की तोच आग्रह कमी होतो. स्वभाव बघत बसण्यापेक्षा आज कोण कुठं उभा आहे ते बघावं.

बाकीच्यांचंही असंच. गूगल टॉक ही गप्पांची सेवा २००५ मध्ये आली ती संदेश पाठवायच्या एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर, आणि २००६ पासून दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर असलेल्या माणसाशी त्यातून बोलता यायचं. २०१३ मध्ये तिच्या जागी हँगआउट्स आलं आणि ते दार बंद झालं. २०१५ मध्ये गूगलनं बातम्यांची पानं मोबाइलवर झटपट उघडावीत म्हणून एएमपी ही पद्धत काढली. म्हणायला खुलं, पण मोबाइलवर शोधताना वरच्या ठळक बातम्यांत जागा हवी तर ते वापरणं भाग होतं. ती अट २०२१ मध्ये गेली. ॲपलनं २०१० मध्ये फ्लॅशला, म्हणजे वेबवर व्हिडिओ आणि खेळ चालवणाऱ्या एका कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरला, विरोध करताना खुल्या वेब मानकांची बाजू जोरात मांडली आणि तो मुद्दा बरोबरच होता. पण आयफोनवर मात्र इतर ब्राउझरांनाही ॲपलचंच इंजिन वापरायला लावलं, आणि युरोपात कायद्यानं ती सक्ती मोडली तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या फोनवरची होम स्क्रीनवर ठेवायची वेब ॲप्सच काढून टाकायचं जाहीर केलं. ओरड झाल्यावर मार्चमध्ये निर्णय मागे घेतला.

आता भाच्याचं म्हणणं. मानकं आमच्याच कंपन्या लिहितात, हे तो खरं सांगतोय. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था सुरू केली, पण एचटीएमएलचं मूळ मानक आज तिथं लिहिलं जात नाही. २००४ मध्ये ॲपल, मोझिला (फायरफॉक्स ब्राउझरवाली) आणि ऑपेराच्या मंडळींनी वेगळा गट काढला, आणि २०१९ च्या करारानंतर एचटीएमएल त्याच गटाकडे आहे. त्याच्या सुकाणू समितीत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला हे चौघे. ब्राउझर ढीगभर दिसले तरी चलनातली मोठी इंजिनं तीनच, आणि क्रोम, एज, ऑपेरा, सॅमसंगचा ब्राउझर ही सगळी एकाच इंजिनावर चालतात. तिसरं इंजिन सांभाळणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलशी असलेल्या करारातून येतं. भाचा यावरून निष्कर्ष काढतो की भांडण नाही. मला उलटं वाटतं. लिहिणारे इतके थोडे आहेत म्हणून तर वापरणाऱ्यांनी जागं राहायला हवं.

मात्र एक गोष्ट भाच्याच्या बाजूची आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. २००४ पासून डब्ल्यूथ्रीसीच्या पेटंट धोरणानुसार, मानक ठरवायच्या कामात बसणाऱ्या कंपनीला त्यासाठी आवश्यक असलेली आपली पेटंटं बिनमोबदला वापरू द्यावी लागतात. ते तिच्या मनावर ठेवलेलं नाही, करारात बांधलेलं आहे. तुम्ही मंगल कार्यालयाची साइट करता तेव्हा एचटीएमएल वापरल्याबद्दल कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही, त्यामागं हे आणि एचटीएमएलच्या गटाचं असंच धोरण आहे. तसंच २०२२ पासून या ब्राउझरवाल्या कंपन्या दरवर्षी ठरावीक वैशिष्ट्यं घेऊन सगळीकडे ती सारखी चालावीत म्हणून एकत्र काम करतात. चाचण्या उघड, कुणाला किती गुण मिळाले तेही उघड. नुसतं ढोंग करायचं असतं तर स्वतःचे नापास विषय कुणी चव्हाट्यावर मांडले नसते.

तुमच्या बाजूचीही एक समजूत तपासून बघा, ताई. मानक म्हटलं की ते खुलंच, असं नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं ब्राउझरमधल्या व्हिडिओची नक्कल होऊ नये म्हणून लावायच्या कुलपासाठी एक मानक मंजूर केलं. कुलूप कसं जोडायचं ते मानकात आहे, खुद्द कुलूप मात्र बंद पेटीतलं. डिजिटल हक्कांसाठी झगडणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन त्या निषेधार्थ डब्ल्यूथ्रीसीतून बाहेर पडली. तेव्हा एखादी गोष्ट मानकावर आहे एवढ्यानं निश्चिंत होऊ नका. आपली वस्तू उद्या उचलून दुसरीकडे नेता येते का, हे बघा. कंपनीच्या सेवेलाही हाच प्रश्न विचारा, आणि तुम्ही स्वतः बांधणार असलेल्या साइटलाही. तुम्ही केलेली साइट तुमच्याशिवाय कुणाला हलवता येत नसेल, तर वाचनालयाच्या दृष्टीनं तीही बंद पेटीच.

म्हणून कमिटीशी भांडू नका. तरुण मंडळींचं अर्धं म्हणणं तुम्हाला पटायला हरकत नाही. वाचक व्हॉट्सॲपवर आहेत, तर नोटीस तिथं गेलीच पाहिजे. 'नवीन दिवाळी अंक आले' हे कळायला खानापूरच्या आडगावातल्या म्हाताऱ्या वाचकानं तुमची वेबसाइट उघडावी, ही अपेक्षा रास्त नाही. फक्त एक गोष्ट धरून ठेवा: मूळ प्रत वाचनालयाकडे, कंपन्यांकडे नकला. नऊ हजार पुस्तकांची नोंद फुकट सेवेच्या पोटात जन्मली आणि तिथंच राहिली, तर ती सेवा बंद होईल तेव्हा तीही गेली. हे काल्पनिक नाही. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलबरोबर दुकानदारांना फुकट मिळणारी छोटी वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली. तुमच्या गिऱ्हाइकांतही कुणाची असेल. आणि हेही खरं की गूगलनंच २०११ पासून आपली माहिती उतरवून घ्यायची टेकआउट ही सोय दिलीय. सोय आहे तर ती वापरायची, महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, सभासद वर्गणीचा हिशेब करता तेव्हाच.

मूळ यादी साध्या सीएसव्ही फायलीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात) ठेवा, यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत. एक सावधगिरी: ही फाइल एक्सेलमध्ये नुसत्या दोन टिचक्यांनी उघडली तर मराठीच्या जागी कचरा दिसू शकतो. घाबरून तिथंच सेव्ह करू नका. फाइल चांगलीच असते, आयात करताना यूटीएफ-८ निवडायचं. मी दोन शाळांची हजेरीपुस्तकं अशी सेव्ह करून बिघडलेली पाहिलीत. साइटचा पत्ता वाचनालयाच्या नावावर घ्या, तुमच्या किंवा भाच्याच्या नाही. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, आणि तो कमिटीच्या ठरावात लिहून घ्या. पासवर्ड दोघांकडे असू देत, त्यातला एक बंद पाकिटात, तिजोरीत. केंद्र सरकारचं ई-गव्हर्नन्ससाठी ओपन स्टँडर्डचं धोरण २०१० पासून आहे. अनुदानासाठी कुणी विचारलं तर एवढं सांगता येईल. पान झालं की क्रोमवर बघाच, पण फायरफॉक्सवर आणि कुणाच्या तरी आयफोनवरही बघा. एकाच ब्राउझरवर नीट दिसणारी साइट करून देणारे आपणच असतो. 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा'च्या त्या पाट्या कंपन्यांनी नव्हत्या लावल्या, साइट बांधणाऱ्यांनी लावल्या होत्या.

भाषेची खूण विसरू नका. एचटीएमएलच्या मुख्य टॅगमध्ये मराठीसाठी 'एमआर' आणि कन्नड मजकुराला 'केएन' घातलं की काही फाँट ल आणि श मराठी वळणाचे काढतात, आणि अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कुठं कुठली भाषा आहे ते कळतं. आपल्याकडे मुलं कन्नड शाळेत आणि आजी मराठी पुस्तकात, अशी घरं किती आहेत! यादीत पुस्तकाचं नाव कन्नड लिपीतही दिलंत तर नात आजीसाठी पुस्तक शोधू शकेल.

आता एक बारीक गोष्ट, जी कुठलीही मोठी कंपनी तुमच्यासाठी करून देईल असं धरून चालू नका. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: खाली नुक्ता (टिंब) असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र् ला न दिसणारी जोडखूण लावून. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, शोधताना निराळे. तसंच 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवत, आणि अजूनही काही कळफलक तसंच करतात. तुमच्याकडे चार जण बसून यादी भरणार, चौघांचे फोन वेगळे. मग 'दुसऱ्या' म्हणून शोधलं की निम्मीच पुस्तकं सापडतील आणि लोक म्हणतील, वाचनालयात ते पुस्तकच नाही. त्यासाठी यादी भरताना आणि शोधतानाही सगळी रूपं एकाच रूपात आणणाऱ्या चार ओळी लिहा. कमिटीच्या बैठकीत भाषण करण्याऐवजी हेच दाखवा. एक शब्द दोन फोनवर टाइप करा आणि एकाचा शोध दुसऱ्यावर कसा लागत नाही ते बघू द्या. आपली यादी आपल्या हातात असली तर हे दुरुस्त करता येतं, एवढंच मग सांगावं लागेल.

राहिलं पहिलं रजिस्टर. मोडीतल्या नोंदी 'नंतर बघू' म्हणून सोडू नका, नाहीतर त्या कायमच्या सुटतील. २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडीला तिची स्वतंत्र जागा मिळालीय, तेव्हा नोंद मोडीत जशीच्या तशीही साठवता येते. पण बहुतेक फोनवर ती दिसायला वेगळा फाँट लागेल, म्हणून शेजारी देवनागरी लिप्यंतर आणि पानाचा फोटो, दोन्ही ठेवा. मोडी वाचणारे जुने गुरुजी तुमच्या पंचक्रोशीत असतील, पतसंस्थेत विचारा, त्यांना माहीत असतं. रविवारी सकाळी त्यांना वाचनालयात बोलवा, रजिस्टर पुढ्यात ठेवा आणि ते वाचतील तसं तुम्ही टाइप करा. दिवसाला दोन पानं झाली तरी पुष्कळ.